दुसऱ्याचं हाड की कारखान्याचं?

चि. धाकटीस थोरलीचे भरघोस आशीर्वाद. तुझे गुडघे अजून कुरकुरतात, की आता तूच त्यांच्यावर कुरकुरतेस? इकडे सगळे मजेत, माझा कणा तेवढा रुसलाय. पत्र सूनबाई लिहून देतेय (तेव्हा आज तिच्याबद्दल चांगलंच बोलेन, दुसरा इलाज नाही).

तर कंबरेतला एक मणका दुसऱ्यावरून घसरतोय. जरा चालले की पाय लाकडाचा होतो. डॉक्टर दोन्ही मणके कायमचे जोडणार. नुसते स्क्रू आवळून भागत नाही म्हणे, मधे भराव घालायचा, म्हणजे त्यावर आपलं हाड वाढून दोहोंचं एक होतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, दात्याचं हाड घालू, नाहीतर कृत्रिम." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि माझी समजूत झाली की दाता आपणच घरून न्यायचा.

घरी येऊन सगळ्यांना बोलावलं, समोर बसवलं आणि विचारलं, बोला, कोण देतंय? थोरल्याची पाठ तिथल्या तिथे धरली. धाकटा म्हणाला, "आई, माझी हाडं बाबांच्या वळणावर गेलीत, तुझं त्यांच्याशी कधी पटलं का?" जावईबापू पाणी प्यायला उठले ते चपला घालूनच. शेवटी सूनबाई म्हणाली, "माझं घ्या आई, निदान आतून तरी माझं ऐकाल." (लिही गं, गाळू नकोस.)

पुढच्या खेपेला हे ऐकून डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दाता म्हणजे जाताना हाडं दान करून गेलेला माणूस. ती तपासून, धुऊन, जंतू मारून हाडांच्या पेढीत ठेवतात. हाड खरंखुरं, पण त्यातला जीव धुऊन गेलेला. रोग यायची भीती अगदी नखाएवढी, पण नाहीच असं म्हणवत नाही. कृत्रिम म्हणजे भट्टीत भाजलेले, चिनीमातीसारखे पांढरे दाणे. त्यात रोगाची भीती नाही आणि हवे तितके मिळतात. पण दोन्ही म्हणजे नुसता मांडव, वेल आपल्याच हाडाची चढायची. म्हणून ऑपरेशनमध्ये निघालेला माझ्याच हाडाचा चुरा त्यात मिसळणार. मग चांगलं कुठलं? तर म्हणे, तुमच्या बाबतीत फारसा फरक नाही, तुम्हीच ठरवा!

आता आली का पंचाईत? दुसऱ्याचं घ्यावं, तर तो माणूस पहाटे उठून व्यायाम करणारा निघाला म्हणजे? कारखान्याचं घ्यावं, तर जन्मभर पाठीत कपबशी घेऊन फिरायचं. माझं ठरेपर्यंत तारीख नाही. घाई कसली?

तुझी,
थोरली

ता. क. तुझी ती गुबगुबीत उशी कुणाबरोबर तरी पाठव. बाकी काही नको.

ता. क. मावशी, हे मी, सून, माझं माझं लिहितेय. दाणे घालायचं कधीच ठरलंय. ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. आई फार घाबरल्यात, आमच्यापाशी बोलत नाहीत. उठता-बसता तुमची आठवण काढतात.

ता. क. हिने मी काही न सांगता बराच वेळ पेन चालवलं. काय खरडलंय देव जाणे, मला कुठे वाचता येतंय. खोटं असेल तर फाडून टाक. खरं असेल तर बुधवारीच ये.