तांबड्या दोऱ्याचा डबा

३ नोव्हेंबर, सोमवार
एका मावशींनी हॉटडॉग खाल्ला, बोटं चाटली आणि मग विचारलं — "ह्यात कुत्र्याचं काय नसतंय न्हवं?" आधी विचारायचं की! "कोंबडीचं हाय, मावशी." तरी तोंड वाकडं करून गेल्या. चौदा वर्षं लष्करात मेसचा स्वयंपाकी होतो, असलं गिऱ्हाईक तिथं भेटलं नाही.

विश्रामबागेत हॉटडॉगची गाडी लावून सहा महिने झाले. आज समोरच्या फुटपाथवर एक म्हातारा अर्धा तास उभा होता. धोतर, पांढरी टोपी, नाकाला रुमाल. रस्ता काही ओलांडला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
म्हातारा आला! समडोळी गावचे तात्यासाहेब, जैन. "एक द्या. त्ये कोंबडीचं." सॉसेज हा शब्दच तोंडातून निघेना. नवा कोरा स्टीलचा डबा पुढे केला, कडीला तांबडा दोरा बांधलेला — घरच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून.

"कुणाला, तात्या?"

"पोराला. मिरजंला दवाखान्यात हाय. बिगीनं करा, दिवस मावळायच्या आत खाऊ दे त्येला."

कोंबडी चालते, पण अंधार पडायच्या आत! मनात हसलो. मग ते डबा छातीशी धरून घाईनं निघाले आणि माझीच लाज वाटली.

९ नोव्हेंबर, रविवार
रोज पाचला येतात, आता मला नावानं 'कृष्णात' म्हणतात. आज बोलले.

मुलगा भरतेश. पुण्यात नोकरीला होता. नऊ वर्षांपूर्वी सुट्टीला आला, तेव्हा बॅगेत सॉसेजचं पाकीट सापडलं. तात्या म्हणाले, उंबरा चढू नगंस. तो चढला नाही. आता रक्ताचा कॅन्सर. मागेल ते द्या, म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय.

"मला म्हणला, तात्या, एकदा तुमच्या हातानं आणा. मग मी समजंन तुमी माफ केलंसा."

मी सॉस जास्त घातला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
भरतेशनं काल दोनच घास खाल्ले, तात्या म्हणाले. परवा तीन खाल्ले होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार
कॅलेंडरवर चतुर्दशी. तात्यांचा कडक उपास. ओठ सुकलेले, डबा धरवत नव्हता. तरी आले. असल्या दिवशी या माणसाच्या हातात मांस द्यायचं?

मेसमध्ये कितीतरी जवानांचे उपास सांभाळले. कुणाला न विचारता, न सांगता ज्याचं त्याचं ताट वेगळं करायचो. तीच सवय! शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी सोयाचं सॉसेज ठेवतो, वेगळ्या तव्यावर. तेच पावात घातलं, वर सॉस, कांदा. तात्यांना काय कळणार? आणि त्या बिचाऱ्या पोराच्या जिभेला तरी काय कळणार? मोठं पुण्य केल्यासारखा घरी आलो.

बायकोला, पूजाला, सांगितलं. भाजी ढवळता ढवळता थांबली. "आवं, पर इचारलंसा का त्यास्नी?"

नाही विचारलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पाच वाजले. सहा वाजले. आले नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार
तात्या आले. सुतकातला माणूस, एवढ्या लांब.

भरतेश बुधवारीच गेला.

"पहिलाच घास घेतला आन् थांबला. म्हणला, तात्या, ह्ये सोयाचं हाय. शेवटी तुमाला न्हाईच जमलं. मी म्हणलं, न्हाई रं, रोजचंच हाय. णमोकार मंतर म्हणून शपथ घितली. त्येनं मान फिरिवली. मग मी लय चिडलो, कृष्णात. मरायला टेकलास तरी खोटं बोलतोस, म्हणलं. त्येच शेवटचं."

गिऱ्हाईक पाव मागत होतं. मी ऐकलं नाही.

"रोजचंच हुतं न्हवं?" तात्यांनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं.

"रोजचंच, तात्या. जिभंची चव गेली असंल त्येच्या."

तात्यांनी मान हलवली. घरात नको म्हणून डबा माझ्याजवळच ठेवून गेले. मी भित्रा आहे. गोळीबारात चहा पोचवलाय मी, आणि एका म्हाताऱ्याला खरं सांगता आलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
गाडी लावली नाही. तीनदा चप्पल घातली, तीनदा काढली. पूजानं ती परत दाराशी नीट लावून ठेवली.

२६ नोव्हेंबर, बुधवार
समडोळीला जाऊन सगळं सांगितलं. पाय धरले. तात्या रागावले नाहीत, त्यांनी मला हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, "म्हंजे माजं पोरगं खरं बोलत हुतं."