घरात रेंज नाही म्हणून

जुळे सोलापूर,
रविवार

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या सोमशेखरचा शरणु शरणार्थी, नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडं क्षेम आहे, म्हणजे तुझी भावजय श्रीदेवी गेल्यापासून जेवढं असतं तेवढं. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. (पोस्टातली बाई मात्र दचकली. आंतरदेशीय पत्र मागितल्यावर तिनं दोनदा वर बघितलं.)

त्या दिवशी तू डाळिंबांची पिशवी घेऊन सोलापूरच्या स्टँडवर उभी राहिलीस, मला फोन लावत राहिलीस, आणि मी 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' आहे असं ऐकून आल्या पावली नातेपुत्याला परत गेलीस. अक्का, मी खुर्चीत बसलो होतो. घरात रेंजच नव्हती. संध्याकाळी गच्चीवर गेलो तेव्हा तुझे सगळे फोन एकदम मेसेजात येऊन पडले. लगेच लावला, तर दाजी म्हणाले, "ती देवळात गेलीय." मागून तुझा आवाज आला, "गेलीय म्हणून सांगा की!"

त्यानंतर मी दिवसभर गच्चीवरच थांबायला लागलो. समोरच्या रुक्मिणीबाई तिथं कुरडया वाळवतात. उभेच आहात तर कावळे हाकला, म्हणाल्या. कावळे आले, तुझा फोन आला नाही. मग ठरवलं, कंपनीच बदलायची. दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, नंबर हाच राहतो, पण तुमच्या घरात कुणाची रेंज येते ते आधी बघा."

आता ते बघायचं कसं? खालच्या मजल्यावरच्या सुबोधकडं एका कंपनीचा फोन, दूधवाल्या शरणप्पाकडं दुसरीचा. दोघांना वर बोलावलं. सुबोध हात उंच करून सगळ्या खोल्यांतून देवाची पालखी फिरवावी तसा फोन फिरवत होता. शरणप्पाच्या फोनला श्रीदेवीच्या ओट्यापाशी पूर्ण रेंज आली. मग तिथंच चहा ठेवला. अक्का, वर्षश्राद्धानंतर उंबऱ्याच्या आत कुणी आलं नव्हतं. म्हणून म्हटलं, उद्या पुन्हा बघू. मग म्हटलं, ढगाळ हवेत बघायला हवं. एकदा तर दारं-खिडक्या लावूनही बघितलं. शेवटी सुबोधच म्हणाला, "काका, लई झालं की आता. घ्या शरणप्पाची कंपनी."

जुनी कंपनी सोडतोय म्हटल्यावर तिकडून एका मुलीचा फोन आला (अर्थात गच्चीवर). सर, आम्हाला का सोडताय, असं तिनं इतक्या मायेनं विचारलं की मी सगळं सांगून टाकलं. स्टँड, डाळिंबं, तुझं देवळात जाणं, श्रीदेवीसुद्धा. तिनं सगळं मुकाट्यानं ऐकलं. मला वाटलं, पोरीला भरून आलं असेल. मग म्हणाली, "सर, तुमच्यासाठी एक खास ऑफर आहे."

नवं सिम चालू झालं. आता मोरीतसुद्धा पूर्ण रेंज येते. पण रेंज तपासायला येण्याचं कुणाला कारण उरलं नाही. शरणप्पा दारातनं दूध घालतो आणि जातो. रुक्मिणीबाईंच्या कुरडया वाळून डब्यात गेल्या, त्यामुळं गच्चीवरही माझं काम संपलं.

दाजींना नमस्कार सांग. थंड पाणी पिऊ नका म्हणावं.

तुझा,
सोमशेखर

ता. क. : नवं सिम घेतल्यापासून फोन दोनदा वाजला. एकदा कर्ज हवंय का म्हणून, एकदा चुकून. चुकून लागलेल्या माणसाशी बरंच बोललो. तो इथल्याच, जवळच्या कुंभारीचा निघाला.

आणखी एक ता. क. : मी फोन लावला की तू देवळात असतेस, म्हणून तूच लाव. तू रुसली नसशील तर एवढे दिवस तुझ्याकडंच रेंज नव्हती असं मी समजतो. रुसली असशील तरी तेच समजतो.