सबवूफरची योग्य जागा

३ जून, संध्या. ५
सबवूफर आला. आता लॅवेनिया माझीच.
तिचे वडील म्हणजे आमच्या कंडावू बेटावरच्या गावातल्या चर्चचे गायनमास्तर. त्यांनी तिला माझ्याबद्दल विचारलं होतं, "मांसाची खोकी उचलण्यापलीकडे त्या वायसेआला येतं काय?" उत्तर ३० तारखेला, भर चर्चमध्ये. इथे परदेशात मांसाच्या कंपनीत राबणाऱ्या आम्हा दहा कामगारांचं गाणं मी कंप्युटरवर मिक्स करून पाठवणार. मग लगेच, आमच्या रिवाजाप्रमाणे, घरचे व्हेलचा दात घेऊन लग्नाची मागणी घालणार.

५ जून
वरचे सूर दोन छोट्या स्पीकरनी वाजवायचे, खालचे सबवूफरने. खालचे म्हणजे कुठपर्यंत, त्यासाठी मागे एक नॉब. शेवटपर्यंत फिरवला. अर्धवट फिरवायला नॉब कशाला देतील?
शेजारी त्याचा सूर स्पीकरशी जुळवायचं बटण: ० किंवा १८०. शून्यं शाळेत खूप मिळाली. १८०.

८ जून
अपिसाई (गाववाला, खोलीतला पार्टनर, अक्कल बेताची) म्हणाला, "गाणं लावलंयस की ट्रॅक्टर?"
जळतो. पण स्पीकर एक बोलतात आणि सबवूफर भलतंच, हे खरं.

११ जून
व्हिडिओत उपाय सापडला. सबवूफर आपल्या खुर्चीवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल, ती त्याची जागा.
रांगलो. सगळे चटईवर भांड्याभोवती यांगोना, म्हणजे आमचं मुळ्यांचं पेय, पीत बसलेले. आमचे मुकादम इसिकेली काका, सगळ्यांत वडील, म्हणाले, "बघा रे, मोठ्यांसमोरून वाकून जावं, हे पोराला आठ महिन्यांनी कळलं!"
मीही "तिलोऊ, तिलोऊ" अशी माफी मागत पुढे सरकलो.
जागा सापडली. खर्ज एकदम स्वच्छ. तिथे इसिकेली काका बसतात. भांड्याच्या वरच्या अंगाला, मानाच्या जागी.

१२ जून
सगळ्यांत मोठ्या माणसाला "उठा" म्हणायचं? बाप समुद्र पोहून येईल मला मारायला. उद्या विचारतो.

१३ जून
उद्या नक्की.

१५ जून
काका आज खुशीत होते. म्हटलं, कशाला बिघडवा. नाही विचारलं.

१७ जून
सबवूफर कोपऱ्यात ठेवला. कोपरा हीसुद्धा जागाच असते.

२१ जून
रेकॉर्डिंग झालं. काकांचा खर्ज म्हणजे जमीन हलते. पण कोपऱ्यातून नुसता घुमतोय. पिंपात डोकं घातल्यासारखं वाटतं. मिक्समध्ये खर्ज थोडा कमी केला.

२३ जून
अजून घुमतोय. अजून कमी केला.

२५ जून
लॅवेनियाचा मेसेज: "बाबांनी गावभर सांगितलंय. माझं नाक कापू नकोस." जेवण जात नाही. कामावर खोकं पायावर पाडलं. खर्ज आणखी कमी.

२७ जून
जमलं! घुमणं पार बंद.

२८ जून
पाठवलं. तेच गाणं अपिसाईने फोन चटईवर ठेवून रेकॉर्ड केलं होतं. तेही त्याने गावाला पाठवलं. हसलो. बिचारा.

३० जून, दुपारी २
लॅवेनियाचा फोन. चर्चमध्ये माझं लावलं. तिच्या वडिलांनी विचारलं, "तिकडे कंपनीत बायका कधीपासून घेतल्या?" खर्ज नव्हताच. एकाही पुरुषाचा आवाज पुरुषाचा वाटेना.
मग अपिसाईचं लावलं. काकांचा आवाज घुमला तसे वडील उभे राहिले. परत लावायला लावलं.
"आणि मग?" मी विचारलं.
ती म्हणाली, "बाबा विचारत होते, अपिसाईचं लग्न झालंय का?"

संध्या. ६
इसिकेली काकांना सगळं सांगितलं. रांगून शोधलेल्या जागेसकट.
काका म्हणाले, "अरे वेड्या, मग बोलायचं की! दाराच्या फटीतला गार वारा तिथे नेमका मानेवर येतो. दोन वर्षं झाली, कोणी ऊठ म्हणतंय का, याची वाट बघतोय."
उठले. स्वतः चटई सरकवली.
सबवूफर त्या जागी ठेवला. खर्ज एकदम स्वच्छ.
अपिसाई फोनवर होता, लॅवेनियाच्या वडिलांशी. म्हणाला, "वायसेआ, जरा आवाज कमी कर ना."
केला.