सातशे त्र्याहत्तर दाते

३ फेब्रुवारी

फुटला एकदाचा! १,४६,०९७. सकाळपासून याच्याच मागे होते. वाचनालयाच्या घड्याळात चारशे वर्षांतून एकदा फिरणारा काटा हवाय, आणि चारशे वर्षांचे दिवस एवढे. इतके दाते एका चाकावर कोण कापणार? आकडा फोडायचा, त्याची लहान चाकं करायची — हाच आमचा धंदा.

सत्तावीस गुणिले सात गुणिले सातशे त्र्याहत्तर.

४ फेब्रुवारी

त्या सातावर मी भाळलेय. सातने भाग जातो, म्हणजे पूर्ण आठवडे, एक दिवसही शिल्लक नाही. आज मंगळवार, तर चारशे वर्षांनी याच तारखेला मंगळवारच! आणि शेवटचे सत्त्याण्णव म्हणजे लीप वर्षांचे जादा दिवस, सरळ समोर बसलेत. कुणी मुद्दाम जुळवलेलं नाही, तरी जुळलं.

नवरा म्हणतो, "माझ्याकडे बघून कधी एवढी हसली नाहीस." खरं आहे.

७ फेब्रुवारी

सातशे त्र्याहत्तर मात्र हटवादी. कशानेच भाग जात नाही. आमच्या दाते कापायच्या यंत्रावर चाकाचे एवढे सारखे भाग पाडायची सोयच नाही. मामंजींना म्हटलं, एक दाता वाढवू — सातशे चौऱ्याहत्तर म्हणजे अठरा गुणिले त्रेचाळीस, दोन सोपी चाकं. चारशे वर्षांत सहा महिन्यांचा फरक. बघायला कोण येतंय?

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मग आकड्याचं एवढं कौतुक कशाला करत होतीस?"

सासरे म्हणून बोलले असते तर मीही बोलले असते. पण कामातले गुरू म्हणून बोलले. लागलं.

१२ फेब्रुवारी

मामंजींचा हात थरथरतो. चाक मीच कापायचं. नीट जमलं तर दुकान माझ्या हाती, असं स्पष्ट म्हणाले. कागदाच्या पट्टीवर सारख्या अंतरावर रेघा आखल्या, पट्टी लाकडी गोलाभोवती चिकटवली. एक रेघ पुढे सरकायचं, एक दाता कापायचा.

मला भीती वाटतेय.

१९ फेब्रुवारी

झालं! मामंजींनी चाक बोटांखालून फिरवलं. "एकसारखे आहेत गं. हात बसला तुझा." वाचनालयाला निरोपही धाडला. म्हणाले, परवापासून माझ्या खुर्चीत तू बस. रडू आलं, लपवलं नाही.

हट्टी आकडा, पण काय देखणा दिसतो पितळेत!

२० फेब्रुवारी

राहवेना म्हणून दाते मोजले. सातशे चौऱ्याहत्तर.

परत मोजले. तेवढेच. पट्टीची पहिली आणि शेवटची रेघ एकावर एक यायला हवी होती. मी शेजारी शेजारी चिकटवली, म्हणून एक दाता वाढला. चाक पाहून कुणाला कळणार नाही. मामंजींच्या डोळ्यांना आता दाते मोजवत नाहीत.

२१ फेब्रुवारी

खुर्चीत बसले नाही. म्हटलं, "मामंजी, पुन्हा कापायचंय."