झऱ्याचं तोंड

६ मे २०२४, सोमवार
खांडबाऱ्याला गाडीतून उतरलो आणि तासाभरात डोंगरातल्या पाड्यावर पोचलोसुद्धा. न्यायला सॅम्युअलभाऊ मोटारसायकल घेऊन आले होते. पाड्यातले जाणते तेच, रविवारची प्रार्थनाही तेच चालवतात. त्यांच्या घराला लागून मला खोली मिळाली आहे. नवी फरशी, पत्र्याचं छप्पर, कुलपाच्या दोन किल्ल्या, एक त्यांच्याकडे. आम्हा धानोऱ्याच्या माणसांना डोंगर म्हणजे लांबून बघायची गोष्ट, आणि इथे मी चक्क साहेब! संस्थेचं हे माझं पहिलं स्वतंत्र काम. पाड्याच्या वरच्या अंगाला एका नदीचा उगम आहे, एक झरा. उन्हाळ्यात चाळीस घरं त्याच्यावरच निभावतात. वरचं जंगल तोडून खाणीचा रस्ता काढला, तेव्हापासून माती घसरून झरा बुजत चालला आहे. तो वाचवायचा. मी जाम खूश आहे.

७ मे
झरा पाहिला. उंबराच्या मुळांत एक भोक आणि त्यातून मनगटाएवढी धार. लोक त्याला झऱ्याचं तोंड म्हणतात. रूपलीबाई नावाची म्हातारी रोज सकाळी तोंडात हात घालून गाळ काढते, लेकराचं नाक पुसावं तशी. लोखंड तिथे कुणी लावत नाही म्हणे. सॅम्युअलभाऊंनी सुचवलं की तोंड मोकळंच ठेवा, वर दगडी बांध घालून माती अडवा. मी संस्थेनं दिलेला नकाशा पुढे केला. नकाशात सिमेंटची पेटी आहे, बांध नाही. त्यावर ते हसले नाहीत, मीच हसलो.

९ मे
पेटी झाली! पहारीनं तोंड रुंद केलं, आत दोन खेकडे निघाले ते लांब भिरकावले, वर काँक्रीट, खाली नळ. फोटो संस्थेला गेले, काम पूर्ण झाल्याचं कळवूनही टाकलं. रूपलीबाई भांडली नाही, रिकामा हंडा उचलून चालती झाली. राग आला मला. यांच्यासाठी उन्हातान्हात राबायचं आणि यांना त्याचं काहीच नाही.

११ मे
नळाची धार करंगळीएवढी झाली. पेटीला कुठे चीर नाही. म्हणजे कुणीतरी वरून काहीतरी उद्योग केलेला आहे. मला पाहिलं की माणसं त्यांच्या भाषेत बोलायला लागतात, तेही आवाज खाली घेऊन.

१२ मे, रविवार
सगळे प्रार्थनेला गेलेले पाहून झऱ्यावर जाऊन आलो. काही सापडलं नाही. परतलो तर खोलीतली फरशी ओली. कुलूप जागच्या जागी. दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते मला ठाऊक आहे. गोड बोलून केसानं गळा कापणारी माणसं ही.

१३ मे
मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. उंबरठ्यापासून आतपर्यंत पीठ भुरभुरलं, कुलूप घातलं आणि दुपारी मुद्दाम बाहेर पडलो. परत येऊन पाहतो तर पिठावर एकही पाऊल नाही. खाटेखाली मात्र डबकं, आणि माझ्या बुटात खेकडा. पत्रा उचकटून टाकला असेल? सॅम्युअलभाऊंना बोलावून चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी डबक्यात बोट बुडवून जिभेला लावलं. म्हणाले, "झऱ्याचंच पाणी आहे हे, साहेब. सिमेंट फोडून टाका."
असा डाव आहे तर! माझं काम माझ्याच हातानं फोडायचं. नाही फोडणार.

१४ मे
नळ बंद पडला. बायका खाणीतल्या खड्ड्यावरून पाणी आणतात, पांढरं, भुकटीचं. लेकरांना जुलाब लागलेत. वाईट वाटतं, पण चूक माझी नाही. खाट अंगणात काढली. दुपारपर्यंत तिच्याखालची जमीन ओली. आईचा फोन आला. "तू पाणीमा उभा शे का रे? तुन्हा आवाज तसा ई ऱ्हायना." माझा आवाज म्हणे पाण्यातून आल्यासारखा येतो आहे. मी कोरड्या ओट्यावर बसलो होतो. उठलो, तेव्हा ओटा कोरडा नव्हता.

१५ मे
थुंकलो तर रेती. बारीक, करडी. तहान नाही, भूक नाही. पोटात गार.

१६ मे
पहार गेली. दाढीची पाती, कात्री, चमचासुद्धा. चोर साले! पळालो. खांडबारा स्टेशनच्या बाकावर बसलो. बाकाखालून ओघळ— लोकांना वाटलं की मी— मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभा राहिलो तरी ओघळ थांबेना. सॅम्युअलभाऊ मागोमाग हजर. कुणी सांगितलं त्यांना? हात जोडले. म्हणाले, तुम्ही गेलात तर पाऊस लागेपर्यंत पाड्याला थेंब नाही. मी परत का आलो—

१७ मे
कबूल करतो. चूक माझी होती. पेटी फोडा म्हणालो. फोडली त्यांनी, दगडानं. आत खडखडीत कोरडं. रूपलीबाई म्हणाली, पाण्यानं दुसरी वाट धरली. रागावली नाही. मायेनं बघत होती माझ्याकडे— त्याचीच भीती वाटते.

१८ मे
खाटेभोवती काट्यांचं कुंपण. विचारलं तर म्हणे, गुरं येऊन घाण करतील. पोरांना दटावताना ऐकलं, इथे थुंकायचं नाही, चपला बाहेर—
मी माणूस आहे हे यांना—

१९ मे
भर दुपार. माझ्या खाटेपुढे हंड्यांची रांग. गडबड नाही, भांडण नाही. कडेवरच्या एका पोरीचे ओठ फुटलेत, पाणी मागते आहे. द्यावंसं वाटतं— हे मला वाटतं की—
घशात काहीतरी चालतं आहे. पायांनी.
लिहितो आहे तोवर तोंड मिटलेलं आहे. मिटलेलंच ठेवायचं. रूपलीबाईनं हनुवटीखाली हंडा धरला आहे. नाव विचारते आहे. इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. लिहून दाखवलं— तिला वाचता येत नाही— हसली— पुन्हा विचारते आहे, किती प्रेमानं— एवढं एक सांगायला काय— हेम