त्यांची डावी बाजू

बिस्मिल्ला. मी हाजरा गफूर सारंग, वय वर्षे बहात्तर, मूळची मंडणगड तालुक्यातल्या खाडीकाठची, सध्या मुक्काम जेद्दा, शराफिया, मुलगा राहील याच्या घरी आणि त्याच्याच इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर. शाळा चौथीपर्यंत. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता, न धमकावता लिहीत आहे. चार दिवस लागले, कारण मध्ये बोटं दुखतात.

माझं डोकं ठिकाणावर आहे. हे सगळेच लिहितात, पण माझं तपासून घेतलेलं आहे. माझी नात नूरैन त्याच शास्त्रात शिकली. मेंदूला मार लागला की माणसाचं काय जातं आणि काय उरतं, ते शोधायचं शास्त्र. आधी तिने बाहेरच्या देशातला कागद आणला. त्यात एक चित्र होतं, मी म्हटलं, हा बाजेचा मोडका पाय. ती बर्फावरून ओढायची गाडी निघाली. त्या कागदाप्रमाणे मी कामातून गेलेली. मग तिने स्वतः काढलेली चित्रं दाखवली, सूप, कोयती, वल्हं, सुरमई. मी सगळी सांगितली, वर सुरमईचा भाव सांगितला. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, मी सहा सांगितले. म्हणाली, "दादी, सहावा मी दिलाच नव्हता." म्हटलं, "लग्न हा शब्द मी माझ्याकडून घातला." हसून लोळली पोरगी. तिच्यासारख्या आणखी तिघीजणी आहेत, एक नेपाळची, एक सुदानची, एक केनियाची. आपापल्या गावच्या वस्तूंची, आपापल्या भाषेतली अशी चित्रं करतात आणि शुक्रवारी फोनवर एकमेकींना दाखवतात. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण मी चहा घेऊन तिथेच बसते. एवढी शहाणी पोर माझ्या रक्ताची आहे, हे बघायला.

आता वाटणी.

पहिलं. मी इथे गेले तर इथेच दफन करा. पेटीत घालून विमानाने नेऊ नका. राहीलला रजा मिळत नाही, हजच्या दिवसांत तर तो कामाला आहे त्या बलदच्या हॉटेलातून त्याला जेवायलाही सुटी नसते.

दुसरं. माझ्या चार बांगड्या, शिवणयंत्र आणि बँकेतलं जे असेल ते राहीलचं. तो एकुलता, शरियतप्रमाणे त्याचंच आहे. शिवणयंत्र विकू नये, त्यावर त्याच्या शाळेच्या चड्ड्या शिवल्या आहेत.

तिसरं. माझी नणंद आलिमा हिला काही नाही. फक्त पुढचं कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावं, तिला कमी ऐकू येतं.

चौथं, आणि हे लिहिण्यासाठीच बाकीचं लिहिलं.

नूरैनचे दादा, म्हणजे राहीलचे वडील, इथल्याच तबूकला बांधकामावर होते. दोन हजार नऊ साली परांचीवरून पडले, डोक्याला उजवीकडे मार. टाके पडले, हातपाय हलत होते, बोलत होते. सगळे म्हणाले, झालं, बरा झाला. कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, तिकीट काढून दिलं आणि ते कायमचे घरी आले.

आमच्यात मी लग्नापासून त्यांच्या डाव्या हाताला बसून वाढायची. माझ्या आईने तसंच शिकवलं, उजवा हात जेवायला मोकळा राहतो. आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी ताटातला उजवीकडचा भात खाल्ला आणि डावीकडचं कालवण तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, बाहेरचं खाऊन माझ्या हाताची चव उतरली. दाढी अर्धीच करायचे. माझ्याकडे मान वळवायचे नाहीत. आणि मी त्यांच्या कोपराशी बसलेली असताना विचारायचे, "हाजरा खंय गेली?"

रोज विचारायचे. मला वाटायचं टोमणा मारतात.

आलिमा म्हणाली, "वहिनी, तबूकला दुसरी केली असणार. बघ ना, तुझ्याकडे तोंडसुद्धा करीत नाही." मी ते खरं धरलं. दर्ग्यावर नेलं, ताईत बांधला, तालुक्याच्या डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. सांगणारं कोणी नव्हतं. मग मी बोलणं टाकलं. पडवीत ताट ठेवायची आणि आत जायची. सहा वर्षं. त्याच पडवीत ते गेले. शेवटच्या दिवशीही मी डावीकडेच उभी होते, आणि ते दाराकडे बघून हाक मारत होते.

तीन वर्षांपूर्वी नूरैन बंगलोरहून शिकून आली. मी सहज तिला ताटाची गोष्ट सांगितली, तक्रार म्हणून. ताटात कुठल्या बाजूचं उरायचं, ते तिने पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "दादी, डोळे चांगले होते त्यांचे. पण डावी बाजू आहे, हेच त्यांच्या मेंदूला कळत नव्हतं. तिथे काही असतं हेच माहीत नाही, तर वळणार कसे? ते खरंच तुला शोधत होते."

मी विचारलं, "मी उजवीकडे बसले असते तर?"

ती म्हणाली, "तर दिसली असतीस."

आलिमा, तू बोललीस ते बोललीस, पण मानलं मी. तुझ्यावरचा राग इथे संपला. माझ्यावरचा संपत नाही.

म्हणून माझ्या बापाने मला दिलेलं, आम्ही राहायचो ते खाडीकाठचं घर, पडवी, माजघर, मागच्या दोन खोल्या आणि विहीर, नूरैनला मिळावं. विकायला नाही. पडवीत बसून तिने डोक्याला मार लागलेली, झटका आलेली माणसं आमच्या बोलीत तपासावी आणि त्यांच्या घरच्यांना समजावून सांगावं. आजूबाजूच्या तालुक्यांत हे करणारं कोणी नाही. मागच्या खोल्यांत लांबून आलेल्यांनी राहावं, कारण असल्या माणसाला घेऊन एका दिवसात येणं-जाणं होत नाही. गावातल्या दोन मुलींना तिने हे काम शिकवावं, म्हणजे तिचं लग्न झालं तरी दार बंद होणार नाही.

राहीलला हे पसंत नाही. परवा जेवताना म्हणाला, "अम्मा, एवढं शिकून ती गावच्या पडवीत बसणार? कोण येणार तिथे?" मी म्हटलं, "मी आले असते." तो उठून हात धुवायला गेला.

मोहियुद्दीनभाई शरियतचं जाणतात. ते म्हणाले, वारस नसलेल्याला एक तृतीयांशपर्यंतच देता येतं. राहील हयात आहे म्हणून नूरैन वारस नाही. घर तिसऱ्या हिश्श्यात बसत नाही, पडवी तेवढी बसते. बाकीचं वारसाने मान्य केलं तरच, आणि ती संमतीही मी गेल्यावरच धरतात, जिवंतपणी घेतलेली चालत नाही. म्हणजे मला ते बघायला मिळणार नाही.

नूरैनला साक्षीदार करणार होते, पण वरच्या मजल्यावरची मधुमती म्हणाली, "आजी, ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते." म्हणून साक्षीला ती आणि मोहियुद्दीनभाई.

वर लिहिलेलं सर्व मी शुद्धीत, वाचून, पुन्हा वाचून मान्य केलं.

हाजरा गफूर सारंग
(सही माझीच आहे, अंगठा नाही)

साक्षीदार : मोहियुद्दीन हुसेन खतीब, शराफिया
साक्षीदार : मधुमती कमलाकर देवरे, मूळ नाशिक, आमच्याच इमारतीत वरचा मजला

ठिकाण जेद्दा, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

राहील, खालची ओळ तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. नाही भरलीस तरी मी रागावणार नाही. रागावण्यात माझी सहा वर्षं गेली, माणूस जवळ बसलेला असताना. तू घाई करू नकोस. आधी एकदा गावी जा, पडवीत जेवायला बस आणि नूरैनला समोर बसव.

वारसाची संमती : ______________________