पाव दिनारचा खेळ

जहरा, गुरुवार, नोव्हेंबर १९९७

जहऱ्यातल्या सुतार-प्लंबर गड्यांनो, इथे आखातात मराठी मंडळाची वर्गणी आपणही भरतो, पण खेळायला मैदान आपल्याला नाही! उद्याच्या सभेत माझ्या भाषणाची सुरुवात हीच.

मैदानभाड्याच्या पैशांतून सचिवाने साहेबलोकांच्या कुटुंबांना रग्बीची तिकिटं काढली. आज जाब विचारला, तर हसतो. "भाऊ, रग्बीचं तिकीट पाच दिनार. तुमचा फुटबॉल पाव दिनारचा, त्याला कोण विचारतो?"

पाव दिनार! अरे, तिकिटाचा तो दर आम्ही मुद्दाम ठेवला, सुतारालाही आत येता यावं म्हणून. हे तोंडावर का नाही बोललो? गेल्या वर्षी त्याच्या खर्चाच्या ठरावाला पहिला हात माझाच वर गेला होता, म्हणून?

उद्या माझा हात खाली राहील. गड्यांनो, खर्चाच्या ठरावाला तुम्हीही हात वर करू नका.